दोरीची भीती, पाण्याचा धोका

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. आई-वडील, सोबत दहा-बारा वर्षांचं पोरगं आणि वडिलांच्या मोबाइलवर उघडलेली शिबिराची यादी: सॅक, टॉर्च, टोपी, रेनकोट, स्पोर्ट शूज, पूर्ण बाह्यांचे शर्ट, ताट-वाटी-मग. सॅक घेताना कप्पे किती ते बारकाईनं मोजलं जातं. कमरेचा पट्टा आहे का, हे कुणी बघत नाही, आणि पाठीवरचं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं ते त्याच पट्ट्यामुळे. बूट निघायच्या आदल्या दिवशी घेतले जातात, म्हणजे दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेलाच. जीन्स तर हमखास भरली जाते. ती भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि चढावर गुडघा वाकू देत नाही.

खरेदी होत आली की आईचा खरा प्रश्न बाहेर येतो. "कड्यावरून दोरीनं खाली सोडतात म्हणे. भ्यायचा नाही ना हा?"

भिणार. भ्यावा अशीच तर ती सगळी मांडणी असते. साहस शिक्षण देणाऱ्या कोणत्याही चांगल्या शाळेत किंवा शिबिरात भीती आणि धोका यांचा हिशेब वेगवेगळा ठेवतात. चाळीस फुटांच्या कातळावरून पाठमोरं उतरताना भीती पुरेपूर असते, पण दोर, हार्नेस आणि अनुभवी माणूस जागेवर असेल तर धोका थोडा असतो. धबधब्याखालच्या डोहात पाय सोडून बसताना मात्र कुणाच्याही पोटात गोळा येत नाही, आणि माणसं मरतात ती तिथेच. मुलाची भीती घालवणं हे या शाळेचं काम नाही. नको तिथली भीती उचलून ती हवी तिथे नेऊन ठेवायची, हे तिचं काम. आपल्याकडच्या जाहिरातींत यातलं काही नसतं. तिथे 'कॉन्फिडन्स' आणि 'लीडरशिप' असतात.

या शिक्षणाचा जन्म खेळातून झाला नाही, तो महायुद्धात झाला. जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजं बुडवत होत्या. ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना एक गोष्ट खटकत होती. जीवरक्षक होडीत बसलेले तरुण, धडधाकट खलाशी हाय खाऊन मरत आणि त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, शिडाच्या जहाजांवर मुरलेले खलाशी तग धरत. अंगातली ताकद तरुणांकडे जास्त होती. कमी पडत होता तो आधी कधी तरी असल्या प्रसंगातून बाहेर पडल्याचा अनुभव. होल्ट यांनी कुर्ट हान यांना गाठलं. हान हे जर्मन ज्यू शिक्षणतज्ज्ञ. १९२० मध्ये त्यांनी जर्मनीत सालेम इथे शाळा काढली होती. हिटलरविरुद्ध उघड बोलल्याबद्दल १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये आले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा त्यांनी सुरू केली. या दोघांनी मिळून १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, ॲबरडोव्हीला, 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा उभी केली. अभ्यासक्रम महिनाभराचा होता: होड्या वल्हवणं, डोंगर तुडवणं, बचावाचं काम, स्वयंपाक, साफसफाई.

थंड देशातला हा घाट उष्ण कटिबंधात यायला फार वर्षं लागली नाहीत. १९५०च्या दशकात मलेशियात लुमुटला आणि १९६७ मध्ये सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटावर अशा शाळा निघाल्या. बर्फाच्या जागी खारफुटी आली, हिमवादळाच्या जागी दमट उकाडा आणि दुपारी चारला कोसळणारा पाऊस. सिंगापूरनं पुढे ही गोष्ट श्रीमंत मुलांच्या सुट्टीपुरती राहू दिली नाही. २०१६ मध्ये तिथे साहस शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडाच जाहीर झाला आणि माध्यमिक तिसरीच्या, म्हणजे साधारण आपल्या नववीच्या वयाच्या, मुलामुलींसाठी पाच दिवसांचा निवासी कार्यक्रम त्यात आला. वेगवेगळ्या शाळांची मुलं मुद्दाम एका गटात घालायची, हा त्यातला खरा डाव. अनोळखी पोराबरोबर एक होडी वल्हवली की जात, भाषा, शाळेची फी या गोष्टी निदान पाच दिवस तरी आड येत नाहीत.

भारतात वाट वेगळ्या बाजूनं फुटली. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट आली. इथल्या 'बेसिक' आणि 'ॲडव्हान्स' कोर्सची प्रमाणपत्रं आजही महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांत वजन राखून आहेत. पण त्या अभ्यासक्रमाचा जीव बर्फात आणि हिमनदीत. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे आहे तो लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला काळा कातळ, मध्येच मुरमाड घसारा, पावसाळ्यात शेवाळ आणि मे महिन्यात हात लावला तर चटका बसेल असा तापलेला दगड. या कातळावर चढण्याचं शास्त्र मुंबईच्या गिरिविहार, पुण्याच्या गिरिप्रेमी यांसारख्या संस्थांनी मुंब्र्याच्या कातळांपासून सह्याद्रीच्या सुळक्यांपर्यंत स्वतःच्या हातापायांनी लिहिलं. १९८८ च्या कांचनजुंगा मोहिमेचे नेते वसंत वसंत लिमये यांनी पुढे 'हाय प्लेसेस' ही संस्था काढली आणि ताम्हिणीच्या खोऱ्यात 'गरुडमाची' हे ठिकाण उभं केलं. निसर्गात नेऊन माणसांना शिकवण्याचा पाश्चात्त्य नमुना सह्याद्रीच्या मातीत रुजवण्याचा हा ठळक मराठी प्रयत्न. शाळकरी मुलांइतकीच तिथे कंपन्यांची माणसंही शिकायला जातात.

सोलापूर या नकाशावर कुठेच नाही असं समजायचं कारण नाही. २०१२ मध्ये गिरिप्रेमीच्या नागरी मोहिमेतले गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले, त्याच वर्षी सोलापूरचे आनंद बनसोडे यांनीही तो माथा गाठला. साडेचारशे मीटर उंचीवरच्या सपाट गावातून.

शिबिरातला दिवस पहाटे साडेपाचला शिट्टीनं सुरू होतो. तोंड धुऊन चहा, थोडा व्यायाम, मग पोहे किंवा उपमा. सातच्या आत मुलं कातळाखाली किंवा पाण्यावर हवीत, कारण साडेअकरानंतर दगड तापतो आणि मुलांचं लक्षही उडतं. बारा ते चार सावलीत. या वेळात जेवण, दोराच्या गाठी, नकाशा आणि होकायंत्र, प्रथमोपचार असं काहीबाही चालतं. चारनंतर पुन्हा बाहेर. अंधार पडला की रात्रीची चाल, शेकोटी, आणि त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा, पण मोलाचा कार्यक्रम. त्याकडे नंतर येऊ. आपली भांडी आपण घासायची, पाणी आपण भरायचं. घरी ताट न उचलणारं पोर इथे राखेनं पातेलं घासताना दिसतं आणि आईला कुणी तो फोटो पाठवला तर तिचा विश्वास बसत नाही.

आता कातळावरचं जरा जवळून बघू. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, उभ्या असलेल्या मुलीच्या कमरेला आणि मांड्यांना हार्नेस आहे. त्याच्या पुढच्या कडीत कॅराबिनर, म्हणजे स्क्रूनं बंद होणारी धातूची कडी. तिच्यावर बारीक अक्षरांत आकडा कोरलेला असतो, बहुधा २० किलोन्यूटनच्या वरचा. २० किलोन्यूटन म्हणजे साधारण दोन टन वजनाचा ताण. मुलीचं वजन पस्तीस किलो. त्याच कडीवर आडव्या ताणासाठी दुसरा आकडा असतो, तो सातच्या आसपास. म्हणजे कडी उभी लागली तर दोन टन, आडवी फिरली तर पाऊण टनाच्या खाली. प्रशिक्षक दर वेळी कडी हातानं सरळ करून बघतो ते यासाठी. दोरही दोन जातींचे. कड्यावर चढणाऱ्याला ताणला जाणारा दोर देतात. पडणाऱ्याचा झटका तो लांबून गिळतो. पहिल्या मोठ्या पडण्यात मूळ लांबीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत ताणला जायला त्याला मुभा असते. उतरण्यासाठीचा दोर जवळजवळ ताणला न जाणारा हवा, नाहीतर माणूस वरखाली हेलकावत राहील. दोन्ही दोर लांबून सारखेच दिसतात. कोणता कुठे वापरायचा हे कळणं, हाच अनुभवी माणसाचा आणि हौशीचा फरक.

मुलगी कड्याच्या काठाशी पाठमोरी उभी आहे. खाली बघितलं आणि तिचा उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडू लागला. तिचं सगळं अंग सांगतंय, दगडाला मिठी मार. प्रशिक्षक सांगतोय, मागे झुक, दोरावर वजन टाक, पाय कातळाला काटकोनात टेकव. अंगाचं ऐकून ती दगडाला चिकटली तर पायांखालची पकड सुटते आणि गुडघे फुटतात. मागे झुकली तर बुटाचा सगळा तळवा कातळाला चिकटतो आणि ती आरामात चालत खाली जाते. अंगाची उपजत हुशारी इथे चुकीची ठरते आणि ती मोडून काढायला दहा-पंधरा सेकंदांचं धैर्य पुरतं. वरून ओरडून चालत नाही, ढकलून तर मुळीच नाही. "नको वाटत असेल तर परत ये" हे वाक्य मनापासून म्हणता न येणारा प्रशिक्षक कितीही मोठा गिर्यारोहक असला, तरी मुलांना शिकवायच्या लायकीचा नाही.

माझ्या मते तरी खरा धडा खाली उभ्या असलेल्या मुलाला मिळतो. त्याच्या हातात बिले आहे. वर चढणाऱ्याच्या दोराचं दुसरं टोक त्याच्या हार्नेसमधल्या अवजारातून जातं, उजवा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. त्याच्या मागे आणखी एक मूल आणि प्रशिक्षक तोच दोर धरून असतात, पण त्याला जाणवतं ते एवढंच, की मित्र माझ्या हातात आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून चुळबुळणारं पोर बिलेवर उभं राहिलं की मान वर करून पापणीही लवू देत नाही.

दोर म्हणजे शून्य धोका असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिंगापूरमध्ये एक शाळकरी मुलगा उंच दोरमार्गावरून तोल जाऊन हार्नेसमध्ये लटकला आणि दगावला. त्यानंतर तिथल्या शाळांमधल्या उंचीवरच्या सगळ्या कृती थांबवून तपासण्या झाल्या. लटकणाऱ्याला किती मिनिटांत खाली आणता येईल, याची तालीम आधी केलेली असावी लागते. आपल्याकडे दोन खांबांत तार बांधून 'झिपलाइन' चालवणाऱ्या कित्येक रिसॉर्टांत हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

आता पाण्याकडे. जगभरात शैक्षणिक साहस शिबिरांच्या मोठ्या अपघातांची यादी काढली तर पाणी पुन्हा पुन्हा येतं. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे कनू चालवायला नेलेली चार मुलं समुद्रात गेली. त्यातून १९९५ मध्ये ब्रिटनला अशा केंद्रांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. एप्रिल २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये हिलरी यांच्याच नावानं चालणाऱ्या एका नामांकित केंद्राचा गट घळीत असताना अचानक लोंढा आला आणि सहा विद्यार्थी व एक शिक्षक वाहून गेले. जून २०१४ मध्ये बियास नदीच्या पात्रात फोटो काढणाऱ्या हैदराबादच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांवर धरणातून सोडलेलं पाणी आलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पुण्याची डझनाहून जास्त महाविद्यालयीन मुलं बुडाली. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं प्रवाहात गेली. शेवटच्या तीन प्रसंगांतली माणसं काही साहस करायला गेली नव्हती. ती पाण्याजवळ उभी होती, एवढंच. त्यांना भीती वाटली नाही, कारण भीती वाटण्याजोगं काही दिसतच नव्हतं.

सोलापूरकडच्या मुलांची इथे एक खास पंचाईत होते. गावाकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून, काका-मामाच्या देखरेखीखाली. विहिरीचं पाणी थांबलेलं असतं. तिथे तयार झालेला पट्टीचा पोहणारा वाहत्या पाण्यात तेवढाच भरवसा घेऊन उतरतो. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. गुडघाभर ओढा ओलांडताना पाय दगडात अडकला, तर चांगला पोहणाराही उठू शकत नाही. म्हणून शिबिरात पहिला पाठ पोहण्याचा नसतो, पाणी वाचण्याचा असतो. डोक्यावर ऊन आहे, पण वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर, ढग दाटलेत का? ओढ्याचं नितळ पाणी गढूळ झालं का? काटक्या, पाला वाहत यायला लागला का? आवाज बदलला का? यातलं एक जरी घडलं तरी चपला-दप्तर सोडून आधी उंचावर चढायचं. सोलापूरला वर्षभरात सहाशे-सातशे मिलीमीटर पाऊस झाला तर आपण समाधानी असतो. ताम्हिणीत सहा हजारांचा आकडा नवलाचा नाही. आपल्या वर्षभराचा पाऊस तिथे दोन-तीन दिवसांत पडू शकतो, हे इथून गेलेल्या मुलाला सांगून खरं वाटत नाही.

तराफा बांधण्याचा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो. आठ जणांना चार रिकामी पिंपं, सहा बांबू आणि दोरीची भेंडोळी देतात आणि तलावाच्या काठावर सोडून देतात. पहिली वीस मिनिटं सगळे एकाच वेळी बोलतात. कुणीतरी एक दांडगा पोरगा हुकूम सोडतो, बाकीचे चिडतात, पिंपं बांबूंच्या वरच्या बाजूला बांधली जातात. गाठी हिसका दिला की सुटणाऱ्या. लाइफ जॅकेट मात्र प्रशिक्षक स्वतः एकेकाचं ओढून बघतो. खांद्याला धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. तराफा पाण्यात जातो, दहा फुटांवर उलटतो, सगळे कमरेभर पाण्यात, हशा. दुसऱ्या खेपेला इतका वेळ गप्प बसलेली मुलगी म्हणते, "पिंपं खाली बांधायची." तिनं पहिल्यांदाही तेच सांगितलं होतं, कुणी ऐकलं नव्हतं. प्रशिक्षकानं तेव्हा तोंड उघडलं नाही. त्याचा पगार त्या गप्प बसण्याबद्दल असतो.

आणि ऊन. "आम्ही सोलापूरचे, आम्हाला काय ऊन लागतंय," हे वाक्य कोकणातल्या शिबिरात दर वर्षी कुणीतरी बोलतं आणि दुसऱ्या दुपारी तेच पोर भोवळ येऊन झाडाखाली असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पण हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच उडतो. तो उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कोकणात पारा चौतीसवरच असतो, मात्र हवेत बाष्प इतकं, की घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. पाणी गेलं, मीठ गेलं, अंग मात्र तापलेलंच. नव्या हवेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात आणि शिबिर असतं पाच दिवसांचं. म्हणून पहिले दोन दिवस कामाचा भार हलका ठेवायचा, तहान लागायची वाट न बघता प्यायचं, आणि नुसतं पाणी ढोसत राहण्यापेक्षा मीठ-साखरेचं सरबत, ताक, पेज द्यायची. मिठाशिवाय फार पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम घसरून तेही जिवावर बेतू शकतं. चालताना मूल असंबद्ध बोलू लागलं, रस्ता सोडून भरकटू लागलं, तर तो वात्रटपणा नाही, उष्माघाताची खूण आहे. आधी सावली, अंगावर पाणी, वारा. मानेला आणि काखेत बर्फ. आणि मग दवाखान्याकडे धाव. गार करायचं थांबवून गाडी शोधत बसायचं नाही.

सापाविषयी मुलं फार विचारतात. बूट झटकून घालायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, दगडाच्या सापटीत हात घालायचा नाही. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, हलवायचं कमी आणि दवाखाना गाठायचा. एवढं पुरे. सह्याद्रीत गिर्यारोहकांना खरी धास्ती असते ती आग्या मोहोळाची. कड्याच्या कपारीत लटकलेली ती पोळी धुरानं, आरडाओरड्यानं, अत्तराच्या उग्र वासानं उठतात. एका माशीनं डंख मारला की त्यातून सुटणारा वास बाकीच्यांना बोलावून आणतो, म्हणून मारत उभं राहणं सगळ्यात वाईट. चेहरा झाकून पळायचं. शिबिराच्या यादीत 'डिओ आणू नये' असं लिहिलेलं असतं आणि मुलं ते लपवून आणतात.

रात्रीचा तो कंटाळवाणा कार्यक्रम म्हणजे दिवसभराचा आढावा. गोल करून बसायचं आणि एकेकानं सांगायचं: आज काय झालं, का झालं, उद्या काय वेगळं करणार. तराफा का उलटला याचं उत्तर "गाठ सुटली" असं येतं. अर्ध्या तासानं ते "आम्ही तिचं ऐकलं नाही" इथवर पोचतं. हा अर्धा तास काढून टाकला तर उरतं ते मनोरंजन. बहुतेक स्वस्त शिबिरं नेमका तोच काढतात आणि तिथे डीजे लावतात.

मोठ्या मुलांना एकट्यानं रात्र काढायला देतात. आउटवर्ड बाउंडच्या लांब अभ्यासक्रमांत हा एकांतवास कधी कधी दोन-तीन दिवसांचा असतो. आपल्याकडे एखादी रात्र, नाहीतर नुसते दोन तास. शिट्टी, पाणी, चटई. मोबाइल नाही. शिट्टीच्या टप्प्यात प्रशिक्षक जागा असतो, पण दिसत नाही. पहिला तास आवाजांना घाबरण्यात जातो, दुसऱ्या तासात मूल कंटाळतं, आणि पुढे काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

या साहस शिक्षणाचा उपयोग टिकतो का? १९९७ मध्ये जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी ९६ अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक शैक्षणिक उपक्रमांचा परिणाम कार्यक्रम संपल्यावर ओसरत जातो. इथे तो नंतरही थोडा वाढत गेलेला दिसला. मात्र शिबिराशिबिरांत फरक फार मोठा होता आणि वीस दिवसांपेक्षा लांब अभ्यासक्रमांचा परिणाम जास्त होता. शनिवार-रविवारच्या शिबिरातून पोरगं 'बदलून' येईल असं कुणी सांगत असेल, तर त्याला या अभ्यासाचा आधार नाही.

यासाठी ताम्हिणीलाच गेलं पाहिजे असंही नाही. सोलापुरात कडा नाही, पण लांब पल्ल्याची चाल आपल्या रक्तात आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर रात्रभर चालत जाणारी हजारो माणसं टाचेचे फोड, पाण्याचे थांबे आणि मागे पडलेल्याला सांभाळणं कुणाच्या शाळेत न जाता शिकतात. त्याच रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव आहे. नान्नजच्या माळरानावर, वनखात्याची परवानगी घेऊन, काळवीट आणि लांडग्याच्या पाऊलखुणा वाचता येतात. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतकं हलकं, न नासणारं, पोट धरणारं मोहिमेचं अन्न हिमालयात जाणाऱ्यांनाही क्वचित मिळतं. शाळांनी मनावर घेतलं तर नववीच्या वर्गाला थंडीत चार दिवसांची सायकल मोहीम काढणं अवघड नाही.

तोवर बाहेर पाठवणाऱ्या पालकांनी चार प्रश्न विचारावेत. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागानं ऑगस्ट २०२१ मध्ये जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या साहसी उपक्रमांसाठी धोरण आणलं आणि त्यात नोंदणी ठेवली, तेव्हा नोंदणीचा कागद मागणं हा आगाऊपणा नाही. प्रशिक्षकांनी कोणत्या संस्थेतून कोणता कोर्स केला आहे? जवळचा दवाखाना किती मिनिटांवर, आणि रात्रभर गाडी थांबलेली असते का? दोर केव्हा घेतला, किती वापरला, याची वही आहे का? आणि शेवटचा: एखादा कार्यक्रम ऐनवेळी रद्द केला तो केव्हा आणि कशामुळे? पाणी वाढलं म्हणून, वीज कडाडली म्हणून, मोहोळ दिसलं म्हणून, असं काहीतरी उत्तर लगेच यायला हवं. "आमच्याकडे असं कधी होतच नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर भरलेले पैसे परत मागावेत.